यादीरावांचं अपेक्षित उत्तर

यादीराव हे नाव त्यांना आमच्या इमारतीच्या जिन्याने ठेवलं, आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. लावून घेणार कसं, खरंच होतं ते. सतरा वर्षं सुट्या भागांच्या गोदामात कारकुनी केलेला माणूस. आत काय आलं, बाहेर काय गेलं, कोणी नेलं, सही. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: एक वरच्यांना, एक फायलीला, एक असावी म्हणून. घरातसुद्धा दाराच्या आतल्या बाजूला सामानाचा कागद चिकटवलेला असायचा आणि मीठ आणलं की बायकोने त्यावर बरोबरची खूण करायची, असा नियम. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना "शेवटची ओळ वाचा बघू" म्हणून म्हणून तिला घरी आल्यावर कोणतीच ओळ वाचायचा कंटाळा. ती न वाचताच खूण करायची. संसार सुरळीत चालला होता.

मग गोदाम बंद पडलं, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी यादीरावांनी जाहीर केलं की आपण शिक्षक होणार. जिन्यात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी त्यांना थांबवून सांगितलं की पोरं म्हणजे नटबोल्ट नव्हेत, ती ठेवल्या जागी राहत नाहीत. यादीरावांनी मान डोलावली आणि घरी जाऊन ते लिहून ठेवलं.

शिक्षक घडवणाऱ्या त्या संस्थेत बाकी सगळे बावीस-तेविशीचे. ते यांना आधी सर म्हणाले, मग काका, आणि शेवटी काहीच म्हणेनासे झाले, नुसतं "अहो, तुमच्याकडे स्टेपलर असेल ना?" असं विचारायला लागले. असायचाच.

पण यादीरावांचा जीव जडला तो पाठ टाचणावर. तास घ्यायच्या आधी तयारीची जी वही लिहावी लागते, तिला तिथे पाठ टाचण म्हणतात. पानाचे दोन रकाने. डावीकडे शिक्षक काय बोलणार आणि करणार, उजवीकडे विद्यार्थी काय बोलणार आणि करणार. विद्यार्थ्यांचं उत्तरसुद्धा आधीच लिहायचं. त्याला म्हणायचं अपेक्षित उत्तर. यादीरावांना भरून आलं. ही तर आवक-जावक. आयुष्यात उगाच सतरा वर्षं गोदामात काढली असं त्यांना वाटत होतं, ती आता कामाला आली असं वाटायला लागलं. त्यांची टाचणं इतकी देखणी असायची की बाकीचे त्यांचे फोटो काढून न्यायचे. हिरव्या शाईत प्रश्न, काळ्या शाईत उत्तर, कंसात हालचाली.

भानगड एवढीच होती की वर्गातल्या मुलांनी टाचण वाचलेलं नसायचं.

पहिल्या परीक्षेचा पाठ होता सावलीवर. संस्थेच्या निरीक्षक बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. यादीरावांनी पहिला प्रश्न टाकला, सकाळी आकाशात काय दिसतं. अपेक्षित उत्तर, सूर्य. मुलं म्हणाली पक्षी. यादीराव म्हणाले, आणखी? मुलं म्हणाली विजेच्या तारा. आणखी? विमान. समोरच्या इमारतीतल्या आजोबांचा लेंगा. धूर. एका मुलीने सांगितलं की तिची खिडकी भिंतीकडे उघडते, तिला काहीच दिसत नाही. यादीराव उजव्या रकान्यात बोट ठेवून उभे. तिथे सूर्य लिहिलेला, आणि सूर्य काही निघेना. अकरा मिनिटं "आणखी?" चाललं. सूर्य शेवटी त्यांनी स्वतःच सांगितला, तोवर घंटा झाली.

नापास. नियम असा की परीक्षेचा पाठ एकदाच पुन्हा देता येतो. तोही गेला तर शिक्षणाची दोन्ही वर्षं वाया. बायकोने ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण ती जेव्हा खरोखर चिडते तेव्हा शांतच असते. "एवढं एकदा निस्तरा," ती म्हणाली. "नाहीतर आमच्या दुकानात काचा पुसायला माणूस हवाय, मालकांशी मी बोलून ठेवलंय." यादीरावांना रात्रभर कळेना की हा धीर होता की धमकी.

आता नाटकाचं सांगायला हवं.

ज्या शाळेत यांचा सराव चालायचा, तिथे प्रत्येक शिकाऊ शिक्षकाला शाळा सुटल्यावरचा एक उपक्रम घ्यावा लागे. बाकीच्यांनी फळ्यावरची यादी बघितल्याबरोबर बुद्धिबळ, खेळ, चित्रकला पटापट उचललं. यादीराव यादी वरून खाली, मग खालून वर वाचत राहिले. वाचून होईतो नाटक तेवढं उरलं होतं. रंगमंचावर ते जन्मात चढले नव्हते. एका लग्नात फोटोसाठी चढले होते, तेही चुकीच्या बाजूने.

मग त्यांनी केलं ते त्यांना येत होतं तेच. कोणतं पात्र कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं, हातात काय नेतं, याची नोंदवही घातली. दोन्ही बाजूंच्या विंगांमध्ये खडूने चौकोन आखले. अभिनयावर एक अक्षर बोलले नाहीत, कारण बोलायला काही नव्हतंच. आणि झालं असं की गेल्या कित्येक वर्षांत त्या शाळेचं नाटक पहिल्यांदाच मध्ये न थांबता शेवटापर्यंत गेलं. राजाची तलवार राजाकडेच होती. मुलं खूश. सातवी ब मधली बारा पोरं यादीरावांच्या मागे मागे फिरायला लागली. यात दोघं मुख्य. एक तोफ, म्हणजे राजाचं काम करणारा मुलगा, ज्याचं कुजबुजणंही पटांगणापर्यंत जायचं. आणि दुसरी खरीखुरी कुजबूज. ती विंगेत बसून विसरलेली वाक्यं हळूच सांगायची. स्वतः स्टेजवर येत नसे, पण सगळ्यांची सगळी वाक्यं तिला पाठ.

यादीरावांना गंमत वाटायची ती याची की हीच बारा पोरं सकाळी त्यांच्याच तासाला भलतीकडे बघत बसायची, आणि संध्याकाळी तीच त्यांचा शब्द झेलायची. सकाळी ते शिकवत होते आणि संध्याकाळी काहीच शिकवत नव्हते. हे उलटं कसं, हे त्यांनी बायकोलाही विचारलं. बायको म्हणाली, संध्याकाळी तुम्ही गप्प असता म्हणून असेल. यावर विचार करावा की रागवावं, ते त्यांचं ठरलं नाही.

पोरांनी नवं नाटक मागितलं. यादीरावांनी गुरुवारी देतो म्हणून कबूल केलं, आणि वाचनालयातून एक छोटं नाटक तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीत उतरवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या परीक्षेच्या पाठाचं टाचणही लिहिलं. तेही तपकिरी पुठ्ठ्याच्या वहीत, कारण वह्या त्यांनी डझनाने घेतल्या होत्या. आणि टाचणाच्या अर्थातच तीन प्रती.

गुरुवारी त्यांनी कुजबुजीच्या हातात वही दिली, नोंदवहीत "नाटक क्रमांक दोन" लिहून तिची सही घेतली आणि निश्चिंत झाले. दिली होती ती टाचणाची तिसरी प्रत. घरी दोन प्रती आणि आणखी एक तपकिरी वही दिसत होती, म्हणजे मोजून तीन. हिशेब जुळला की यादीराव आत उघडून बघत नसत.

पुढचं त्यांना नंतर कळलं, पण आपण इथेच सांगून टाकू. बाराही जण शाळेच्या जिन्याखाली वही उघडून बसले. पात्रं दोनच, शिक्षक आणि विद्यार्थी. राजा नाही, भांडण नाही, शेवटी मरत कोणी नाही. एकाची ताई कॉलेजात होती. तो म्हणाला, अशीच असतात हल्ली, याला प्रायोगिक म्हणतात. सर स्वतः शिक्षकाचं काम करणार असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. विद्यार्थ्यांची वाक्यं आपापसात वाटली. कंसातलंही बसवलं. (विद्यार्थी कुतूहलाने पाहतात.) (विद्यार्थी विचारात पडतात.) चार दिवस गुपचूप तालमी. सरांना चकित करायचं होतं.

तोफेच्या वाट्याला एकच वाक्य आलं, आणि त्यापुढे लिहिलं होतं: अपेक्षित चुकीचे उत्तर. मागच्या नाटकातला राजा, आणि या नाटकात चुकीचं उत्तर. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

पाठाच्या दिवशी यादीराव सातवी ब च्या वर्गात शिरले ते घामाघूम होऊनच. विषय होता, वस्तू का तरंगतात आणि का बुडतात. निरीक्षक बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि त्या बाकावर शेजारी होती कुजबूज, कारण ती नेहमी मागेच बसायची.

यादीरावांनी हिरव्या शाईतला पहिला प्रश्न विचारला. समुद्रावरून माल कशातून जातो?

बारा चेहऱ्यांवर काहीतरी उजाडलं. तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली, दोन पावलं पुढे आली आणि तोंड वर्गाकडे करून खणखणीत म्हणाली, "माल जहाजातून जातो, सर."

यादीरावांनी उजव्या रकान्यात पाहिलं. माल जहाजातून जातो, सर. अक्षरन् अक्षर. त्यांना बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही, आणि का ते कळेना. दुसरा प्रश्न. जहाज जड असतं की हलकं? "खूप जड असतं, सर, हजारो पोत्यांइतकं." बरोबर. पुढे ते टेबलावर काचेचा पेला ठेवून त्यात पाणी ओतायला वळले आणि वळून बघतात तो बारा जणांनी माना पुढे काढून डोळे वटारलेले. हे कुतूहल होतं. उरलेला वर्ग घाबरून या बारा जणांकडे बघत होता.

यादीराव इतके गोंधळले की चौथा प्रश्न विचारायचाच राहिला आणि त्यांनी पाचवा विचारला. उठलेला मुलगा अडखळला. मागून बारीक आवाज आला, "तुझं नाही, पुढच्याचं." निरीक्षक बाईंनी मान वळवून शेजारी पाहिलं. कुजबुजीच्या मांडीवर तपकिरी वही होती आणि बोट ओळीवर.

ते यादीरावांना दिसलं नाही. ते सहाव्या प्रश्नावर होते. जहाज एवढं जड असून तरंगतं, मग हा एवढासा खिळा का बुडतो? आणि त्यांनी खिळा पाण्यात सोडला.

बारा जणांनी हनुवटीला हात लावून विचारात पडून दाखवलं. मग तोफ उठला.

"सर, खिळा लोखंडाचा आहे म्हणून," तो म्हणाला, आणि त्या वर्गाने त्याला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "असं लिहिलंय. पण ते चूक आहे आणि मी ते बोलणार नाही."

"कुठे लिहिलंय?" हा प्रश्न यादीरावांच्या टाचणात नव्हता. तो मागून आला होता.

कुजबूज उभी राहिली. "माझ्याकडे आहे, बाई. पान तीन."

तोफेला आता कोणी थांबवणार नव्हतं. त्याने दप्तरातून एक पत्र्याचा डबा काढला. आईचा बटणांचा डबा होता तो, बटणं घरी वाडग्यात ओतून आलेला. त्याने घरी बादलीत सोडून पाहिला होता. तरंगतो. मग त्याला तळाशी खिळ्याने भोक पाडलं. बुडाला, हळूहळू बुडाला. पत्राही लोखंडाचाच, मग लोखंडाचा काय संबंध? आणि एवढं सगळं करून आपल्यालाच चुकीचं उत्तर का द्यायचं, हे सरांनी सांगावं.

यादीरावांनी टाचणात पाहिलं. उजवा रकाना संपला होता.

शिक्षकांच्या खोलीत निरीक्षक बाईंनी दार लोटून घेतलं. शिक्षा ऐकायला उभं केल्यासारखे यादीराव उभे होते. काचा पुसायचा फडका त्यांच्या डोळ्यांसमोर यायला लागला होता.

"मुलांकडून पाठ करून घेतलंत," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"वही तुमच्या अक्षरातली आहे."

"अक्षर माझंच आहे. वही दिलीही मीच. पण मी हे दिलं नव्हतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. यादीरावांनाही आपण काय बोललो ते नीट समजलं नव्हतं. मग त्यांना सुचलं ते एकच. त्यांनी पिशवीतून नोंदवही काढून बाईंसमोर उघडली. गुरुवार. नाटक क्रमांक दोन. वही एक नग. नेणारीची सही. परत येण्याची तारीख. खाली बाराही जणांची नावं, त्यांच्या भूमिकांसाठी रिकाम्या जागा.

बाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं. आधीची पानंही उलटली. राजा, डावीकडून आत, तलवार एक. राणी, उजवीकडून बाहेर, रुमाल एक. त्यांच्या ओठांचा कोपरा एकदा हलला, पण ते हसू होतं की दात दुखत होता, हे यादीरावांना आजतागायत माहीत नाही.

"पाठ करायला कोणी सांगितलं त्यांना?"

"कोणीच नाही."

"मग का केलं?"

"मला चकित करायला," यादीराव म्हणाले. "म्हणजे, तसं ते म्हणताहेत."

"आणि तो डबा?"

"तो त्याचा राग आहे, बाई."

बाईंनी दोन्ही वह्या, टाचणाची आणि नोंदीची, आपल्या पिशवीत टाकल्या. पुढचा तास त्याच वर्गाचा मोकळा होता. त्या म्हणाल्या की मुलगा जिथे थांबलाय तिथून पुढे शिकवा, बघू. यादीरावांनी वही मागितली. बाई म्हणाल्या, वही नाही.

त्या तासाबद्दल यादीरावांना विचाराल तर ते अजूनही भिंतीकडे बघतात. त्यांनी शिपायाकडून बादली आणली. ती भरून नेताना अर्धी स्वतःच्या विजारीवर सांडली. मग डबा सोडला. मुलं बाकांवर चढली. तोफेने मोठ्याने आकडे मोजले, सत्तरीला डबा बुडाला. का बुडाला, यावर पाच जण एकदम बोलले, आणि यादीरावांना कोणाचं उत्तर अपेक्षित होतं ते आठवेना, म्हणून त्यांनी पाचही फळ्यावर लिहिली. त्यातलं एक बरोबर होतं. आतली हवा गेली, पाणी आत आलं, आता डबा रिकामा नाहीच. यादीरावांनी त्याखाली रेघ मारली नाही, कारण तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"सर, भोक वरच्या बाजूला असतं तर?"

कुजबूज उभी होती. कोणाचं विसरलेलं वाक्य ती सांगत नव्हती. हे तिचं होतं.

"मला माहीत नाही," यादीराव म्हणाले. शिकवताना हे शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारले, आणि आपण नक्की नापास झालो असं त्यांना त्याच क्षणी वाटलं. "बघू या."

पण डबा एकच, आणि त्याला भोक खालीच. मग कोणीतरी खडूचा पत्र्याचा डबा रिकामा केला. कोणीतरी खिळा ठोकायला दुसऱ्या वर्गातून पेपरवेट आणला. शेजारच्या वर्गातल्या शिक्षिका दारात येऊन बघून गेल्या. भोक वरच्या बाजूला पाडलेला डबा तरंगत राहिला. मग तोफेने त्यात एकेक खडू टाकायला सुरुवात केली, डबा खाली खाली गेला, भोक पाण्याला टेकलं, आणि सगळा वर्ग गप्प झाला. बारा जण नाही, चाळीसच्या चाळीस. हनुवटीला कोणी हात लावला नव्हता.

घंटा झाली. लादीवर पाणी, पाण्यात खडू. यादीराव ओणवे होऊन पुसत होते तेव्हा निरीक्षक बाई शेरा लिहून कागद टेबलावर ठेवून निघून गेल्या.

संध्याकाळी ते ओल्या विजारीने जिना चढले. बायको नुकतीच आली होती. पास की नापास, तिने विचारलं. ते म्हणाले, पास. मग त्यांनी तिच्यापुढे कागद धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने घरात एक ओळ वाचली, तीसुद्धा मोठ्याने.

"शिक्षकाची कृती: पाणी आणले. विद्यार्थ्यांची कृती: बाकी सर्व. उत्तीर्ण."

"हे चांगलं आहे का?" यादीरावांनी विचारलं.

तिने पुन्हा वाचलं. "पास झालात ना?"

"झालो. पण कशात?"

मग तो कागद जिन्यात फिरला, कारण आमच्याकडे कागद फिरतोच. शिंपीकाकांचं मत पडलं की हा टोमणा आहे, सरळ सरळ. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका म्हणाल्या, टोमणा कसला, कौतुक आहे, आणि पाणी आणायलाही कोणीतरी लागतंच की. एकाने शंका काढली की बाईंना नाटकाचे गुण द्यायचे होते, चुकून विज्ञानाच्या कागदावर पडले असतील. यादीराव प्रत्येकाचं ऐकत होते आणि प्रत्येकाला मान डोलावत होते. हे दोन रकान्यांत मावत नव्हतं. ते सकाळचे शिक्षक म्हणून पास झाले होते की संध्याकाळचे, एवढंच कोणी सांगितलं असतं तरी त्यांना पुरलं असतं.

जेवणं झाल्यावर बायकोला न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. यादीराव बादलीपुढे उकिडवे बसले होते. बटणांचा डबा त्यांच्या पिशवीत तसाच राहिला होता, उद्या तो तोफेच्या आईला परत करायचा होता. नोंद करायला वही नव्हती, म्हणून तळहातावर लिहून ठेवलं होतं.

"काय चाललंय?"

"तो म्हणाला सत्तर. मी मघापासून दोनशे मोजले. बुडतच नाहीये. काहीतरी चुकतंय."

बायकोने चष्मा नाकावर सरकवला आणि वाकून बघितलं.

"डबा सोडा तरी आधी," ती म्हणाली. "बोट भोकावर आहे तुमचं."